पिकलेला मोतीबिंदू डोळ्याचा दाब वाढवतो तेव्हा

पांढरा पडलेला मोतीबिंदू अंगावर काढलेल्या माणसाचा तोच डोळा एकाएकी लाल झाला, ठणकू लागला, डोके दुखून उलट्या झाल्या, तर पित्त समजून थांबू नका. एरवी १० ते २१ मिमी पारा असणारा डोळ्यातला दाब अशा वेळी ४०-५०च्या वरही जातो. नजर आधीच गेलेली असल्याने ती आणखी घटल्याचे रुग्णाला कळत नाही. त्यामुळे दुखण्याकडेच लक्ष हवे.

दाब दोन वाटांनी चढतो. कधी भिंग पाणी शोषून फुगते, बुबुळाला पुढे रेटते आणि द्रवाच्या निचऱ्याचा कोपरा बंद होतो. पुढचा कप्पा (बुबुळापुढची द्रवाची जागा) उथळ होतो. बाहुली अर्धवट विस्फारलेली राहते, प्रकाश टाकला तरी हलत नाही. कधी अतिपक्व भिंगातली वितळलेली प्रथिने आवरणातून झिरपतात. ती गिळून फुगलेल्या पेशी निचऱ्याच्या जाळीत अडकतात. इथे कप्पा खोल असतो आणि त्यात पांढरे कण तरंगताना दिसतात. दुसरा डोळाही तपासावाच. त्याचाही कप्पा उथळ असेल, तर दोष एकट्या भिंगाचा नसतो.

आधी दाब उतरवायचा: टिमोलॉलचे थेंब (दमा असल्यास नाही), ॲसिटाझोलामाइड (मूत्रपिंडाचा विकार असल्यास टाळावे), गरज पडल्यास २० टक्के मॅनिटॉल, किलोमागे १ ते २ ग्रॅम, शिरेतून अर्ध्या-पाऊण तासात. हृदय कमजोर असेल तर मॅनिटॉल धोक्याचे. सूज उतरायला स्टिरॉइडचे थेंब. फुगलेल्या भिंगात पायलोकार्पिन मात्र घालू नये. त्याने भिंग आणखी पुढे सरकते.

थेंबांनी दुखणे थांबले की शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा मोह होतो, आणि नुकसान तिथेच होते. कारण भिंगच आहे. ते काढल्याशिवाय दाब पुन्हा चढतो. दाब जितके दिवस चढा राहील, तितकी दृष्टीची नस सुकत जाते आणि ती परत येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी चारही दिशांनी टाकलेला प्रकाश रुग्णाला कळतो का, हे पाहतात.

शस्त्रक्रियाही नेहमीपेक्षा अवघड. पांढऱ्या भिंगावर आवरण दिसत नाही, म्हणून ते ट्रायपॅन ब्लूने रंगवतात. फुगलेल्या भिंगाच्या आतल्या दाबाने आवरण कडेपर्यंत फाटू शकते; ते टाळायला आधी बारीक सुईने आतला द्रव ओढून घेतात. कोपरा बरेच दिवस बंद राहिला असेल तर तिथे चिकटे पडतात, म्हणजे बुबुळ निचऱ्याच्या जाळीला चिकटून बसते. अशा रुग्णाला भिंग बदलल्यावरही थेंब चालू ठेवावे लागू शकतात, दाब मोजत राहावा लागतो.