ख्रिस्ती सेवाकार्यातील नेतृत्वघडण

ख्रिस्ती मंडळीत पाळक (पास्टर), वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी), सेवक, सुवार्तिक किंवा प्रार्थनागटाचे प्रमुख म्हणून जबाबदारी पेलू शकतील अशी माणसे हेरणे, त्यांना सोबत घेऊन तयार करणे आणि काम हाती आल्यावरही त्यांच्या पाठीशी राहणे, या साऱ्याला मिळून नेतृत्वघडण म्हणतात. धर्मशास्त्राचे शिक्षण हा तिचा केवळ एक भाग. ग्रंथांचा चांगला अभ्यास असलेल्यालाही शोकात बुडालेल्या घरी काय बोलावे किंवा मंडळीतला तंटा कसा मिटवावा, हे वेगळे शिकावे लागते.

या प्रथेची मुळे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये आहेत. त्यातील निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्यायनिवाडा करत बसतो. अशाने तूही थकशील आणि लोकही, असे त्याचा सासरा इथ्रो त्याला बजावतो आणि हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमायला सांगतो. येशूने बारा जणांना आधी आपल्याजवळ राहण्यासाठी आणि मग पाठवण्यासाठी नेमले, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात हे शिष्य गावोगाव फिरून परततात, केलेले काम सांगतात आणि येशू त्यांना घेऊन एकांती जातो.

घडवणारा माणूस कसा असावा, हे मात्र आरंभीच्या मंडळीतील बर्णबाकडे पाहून सर्वांत नीट कळते. मंडळीचा छळ करणाऱ्या शौलावर (हाच पुढचा पौल) यरुशलेमेत कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा बर्णबानेच त्याला प्रेषितांकडे नेले. पुढे अंत्युखियात काम वाढल्यावर तो स्वतः तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला आणि वर्षभर दोघांनी मिळून शिकवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आधी ‘बर्णबा व शौल’ असा येणारा उल्लेख १३ व्या अध्यायात ‘पौल व बर्णबा’ असा होऊ लागतो. आपण पुढे आणलेला माणूस आपल्या पुढे गेला, याची तक्रार बर्णबाने केल्याचे कुठेही नाही. प्रवासात अर्ध्यावर साथ सोडून गेलेल्या मार्क नावाच्या सहकाऱ्याला पुन्हा सोबत न्यावे की नाही, यावरून मात्र दोघांत तीव्र मतभेद झाला. पौलाने नकार दिला, तर बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. पुढे पौलाच्या नावाने त्याचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे येते. चुकलेल्या उमेदवाराला दुसरी संधी देण्याविषयी याहून ठोस उदाहरण शास्त्रात क्वचितच सापडेल. त्याच पत्रात आपल्याकडून ऐकलेले विश्वासू माणसांवर सोपवावे, म्हणजे ती इतरांना शिकवतील, अशी सूचना आहे. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांच्याकडून शिकणारे अशा चार पिढ्यांचा विचार तिच्यात आहे.

रोमन कॅथलिक परंपरेत ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला धर्मगुरूंच्या घडणीसाठी सेमिनरी उभारण्यास सांगितले. प्रॉटेस्टंटांत जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीने वेगळी वाट काढली. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये सुमारे बारा जणांचे गट पाडले गेले. प्रत्येक गटप्रमुखाने दर आठवड्याला सभासदांकडून एक पेनी गोळा करायची. या घरभेटींतून सभासदांची खरी अवस्था कळू लागली आणि वर्गणीची सोय पाळकीय देखरेखीची व्यवस्था बनली. औपचारिक शिक्षण नसलेले अनेक पुरुष, आणि स्त्रियाही, या गटांतून पुढारी झाल्या.

विसाव्या शतकात प्रशिक्षण वर्गाबाहेर नेण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. अँटन बॉइसेन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये कामाला लावले. रुग्णाशी झालेले संभाषण लिहून काढून गटात तपासणे, ही पुढे अशा प्रशिक्षणाची मुख्य रीत झाली. दुसरा प्रयत्न ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीचा, १९६३ चा. खेड्यांतल्या मंडळ्या प्रत्यक्षात सांभाळणाऱ्यांना घर, शेती आणि नोकरी सोडून सेमिनरीत राहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना घरी अभ्यासाचे साहित्य देण्यात आले आणि शिक्षक ठरावीक दिवशी त्यांच्या भागात जाऊन भेटू लागले. सेमिनरीने माणसांकडे जावे, ही कल्पना तिथून अनेक देशांत पसरली.

कोचिंग ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस सेवाकार्यात रुजली. वडीलधारा मार्गदर्शक आपला अनुभव देतो, समुपदेशक जुन्या जखमांकडे वळतो. कोच मुख्यतः प्रश्न विचारतो. पुढचे पाऊल कोणते, आड काय येते, कधीपर्यंत करणार, हे समोरच्या पाळकाने स्वतः ठरवायचे असते. ख्रिस्ती कोचिंगमध्ये प्रार्थना, शास्त्रवाचन आणि देवाची इच्छा ओळखण्यासाठी शांत बसणे यांनाही जागा असते. उपदेश करण्याची सवय जडलेल्या ज्येष्ठ पाळकाला ऐकून घेणेच सर्वांत अवघड जाते. चांगला कोच पाळकाची झोप, कुटुंब आणि सुट्टी यांचीही चौकशी करतो, कारण मंडळीत सर्वांचे ऐकणाऱ्याचे ऐकणारे सहसा कोणी नसते.

घडणीची खरी कसोटी हस्तांतराच्या वेळी लागते. उत्तराधिकारी नेमूनही संस्थापक प्रत्येक बैठकीत बसून राहिला, तर नव्या माणसाला निर्णय घेता येत नाहीत. त्यामुळे काही मंडळ्या पदाचा कालावधी आधीच ठरवतात आणि निवृत्त पाळकाने काही काळ दूर राहावे असा नियम करतात.

या नात्यात सत्ता असते, म्हणून धोकाही असतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसोबत सामूहिक जीवन जगणाऱ्या लार्श या संस्थेचे संस्थापक जाँ व्हानिये यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या संदर्भात स्त्रियांचे लैंगिक शोषण केले, असा निष्कर्ष संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीतून त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये जाहीर झाला. मोठ्या नावाला जाब विचारला जात नाही, तिथे शिकणारा असुरक्षित असतो. म्हणून कोचिंगच्या लेखी करारात गुप्ततेच्या मर्यादा सुरुवातीलाच लिहाव्या लागतात: लहान मुलाला किंवा इतर कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर ती गोष्ट गुप्त ठेवली जात नाही. पाळकाचा पगार किंवा बदली ज्याच्या हातात आहे त्याने त्याचा कोच होऊ नये, आणि कोचवरही देखरेख करणारी दुसरी व्यक्ती असावी.