गोवा की थायलंड? या हिशेबामागची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्टीत गोवा-केरळ करायचं की थायलंड-व्हिएतनाम, हा हिशेब आज ठाणे-डोंबिवलीतली नोकरदार कुटुंबंही मांडतात. आधीच्या पिढीला तो मांडण्याची सोयच नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत देशाकडेच परकीय चलनाचा खडखडाट. परदेशी निघालेल्याला रिझर्व्ह बँकेकडून ‘पी फॉर्म’ हा परवानगीचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागे आणि हाती पडत ते मोजकेच डॉलर. त्यामुळे गाठीला पैसा असलेला माणूसही काश्मीर नाहीतर उटी गाठायचा. पगारदारांना आणखी एक आधार होता, एलटीए, म्हणजे रजेत फिरण्यासाठी मिळणारा प्रवासभत्ता. चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांचं भाडं करमुक्त, पण प्रवास भारतातलाच हवा. कित्येक मराठी घरांनी कन्याकुमारी आणि राजस्थान पाहिलं ते याच्या जोरावर.

जुलै १९९१ मध्ये रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. परदेश महागला, तर जाणारे कमी व्हायला हवे होते. झालं उलटं. १९९१ मध्ये सुमारे १९ लाख भारतीय परदेशी गेले होते, २००० मध्ये ४४ लाख. निर्बंध सैल होत गेले आणि पगार वाढले. पोटापाण्याचं भागून हातात चार पैसे उरू लागले की परदेश प्रवासावरचा खर्च उत्पन्नापेक्षाही वेगाने वाढतो, हे जगभर दिसतं. आपल्याकडेही तेच झालं. १९९७ मध्ये थायलंडचं चलन बाट कोसळलं आणि थायलंड स्वस्त पडू लागलं. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. ती मर्यादा आता अडीच लाख आहे. स्वस्त विमानसेवा आल्या. २०१९ मध्ये परदेशी जाणाऱ्यांचा आकडा २.६९ कोटींवर गेला.

सरकारने लगाम ओढलाही. ऑक्टोबर २०२० मध्ये परदेशी सहलीच्या पॅकेजवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, लागला. त्या दराने चार लाखांच्या सहलीला २० हजार जादा भरावे लागत. ते आयकर विवरणपत्रात वळते होत, पण तोवर अडकून राहत.

मला जास्त खटकतं ते देशातलं महागणं. सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीला ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. सीझनमध्ये भाडं ही रेघ सहज ओलांडतं. आयकराच्या नव्या प्रणालीत एलटीएची सवलतही नाही, त्यामुळे देशातच फिरण्याचं ते जुनं कारणही गेलं.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. गोवा महागला की ज्याला परवडतं तो थायलंडमधल्या फुकेतचं तिकीट काढतो. ज्याची ऐपत गोव्यापुरतीच आहे, त्याला चार रात्रींच्या तीन कराव्या लागतात, नाहीतर सहल पुढच्या वर्षावर जाते.