भाकरीची कड फाटते तेव्हा

‘ध्यान कुठं फिरायलंय रे तुझं?’ परभणीकडच्या आमच्या घरात हे वाक्य दिवसातून चार-पाचदा तरी कानावर पडतं. आपल्या बोलीत ध्यान म्हणजे साधं लक्ष. (वेंधळ्या माणसालाही ‘काय ध्यान आहे!’ म्हणतात, तो भाग वेगळा.) तरीही ‘ध्यान करतो’ म्हटलं की आपल्याला अंधारी खोली, मिटलेले डोळे आणि विचारशून्य मन एवढंच सुचतं. मी हा प्रयोग तीनदा करून सोडला. डोळे मिटले रे मिटले की सोयाबीनचा भाव, बँकेचा हप्ता, राहिलेला फोन, सगळे रांगेत हजर!

गंमत म्हणजे मेंदूच्या अभ्यासकांच्या लेखी मी नापास झालोच नव्हतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यानाचा सराव असलेल्यांना एमआरआय यंत्रात झोपवून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मन भरकटल्याचं कळलं की बटण दाबायचं आणि परत श्वासावर यायचं. सराव असूनही त्यांची मनं भरकटलीच. मन भटकत असताना मेंदूतलं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ जागं होतं. हाताला काम नसलं की आपोआप सुरू होणारं आणि कालचं-उद्याचं घोळवत बसणारं हे जाळं. भटकल्याचं भान येताच मेंदूतली दुसरी जाळी कामाला लागतात आणि लक्ष परत वळवतात. म्हणजे टिकणं, भटकणं, भान येणं, वळणं असा हा फेरा. मोट रिकामी खाली गेल्याशिवाय भरून वर येत नाही, तसंच हे.

ते बटण मला स्वयंपाकघरात सापडलं. आई आजारी होती तेव्हा भाकरी शिकलो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ ताणलं जात नाही, तुटतं. म्हणून आधणाचं पाणी घालायचं. उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. परातीत थापताना एक हात थापतो, दुसरा कडेला आधार देतो, भाकरी हळूहळू फिरत राहते. जोर मध्येच पडला की कड फाटलीच! तळव्याला ऊब, पिठाचा वास, थप-थप आवाज, इतकं सगळं हाताशी असताना मन हप्त्याकडं गेलं, तरी कड लगेच सांगते. डोळे मिटून बसल्यावर अशी चुगली करणारं कुणी नसतं.

कुणाला भाकरी जमेल, कुणाला कापूस वेचणं, कुणाला हरिपाठ. पठणाचं एक शास्त्रीय अंगही आहे. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ जणांवर पाहिलं, की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो. एरवी तो बारा ते वीसच्या घरात असतो. त्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ चांगला बसतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला जरा हळू चालवते, आणि लांब ओळ म्हणायची तर श्वास लांबवून सोडावाच लागतो. गंगाखेडच्या जनाबाईंच्या काळी असलं मोजमाप नव्हतं, जातं मात्र होतं.

पण ध्यानाला रामबाण म्हणून विकणाऱ्यांचा मला राग येतो. ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये आला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. कर्जानं आणि पावसानं पिचलेल्या शेतकऱ्याला ‘श्वासाकडं बघ’ म्हणणं ही थट्टा झाली. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरच हवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट लागतो. काहींना तर डोळे मिटून बसल्यावर घाबरायला होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि हात कामात गुंतवावेत.

काल तिसऱ्या भाकरीची कड फाटली. पुन्हा सोयाबीनच. बोटं ओली केली, कड जुळवली आणि थापायला लागलो. आई दारातून बघत होती. ‘तवा तापलाय,’ एवढंच म्हणाली.