गणिती जाण सिद्धतेतूनही घडते

गणिताची जाण काहींनाच उपजत असते आणि सिद्धता म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या सत्यावर उमटवलेला शिक्का, हा समज फार काळ रूढ आहे. तो चुकीचा आहे, हे एका जुन्या उदाहरणातून स्पष्ट होते.

वर्तुळावर काही बिंदू घेऊन त्यांपैकी प्रत्येक दोन बिंदू जीवेने जोडावेत. मात्र आत कोणत्याही तीन जीवा एकाच बिंदूत मिळू नयेत. एकापासून पाच बिंदूंपर्यंत वर्तुळाचे अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ भाग होतात. सहा बिंदूंना ३२ भाग होतील असे कोणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात ३१ होतात.

असे का होते, हे सिद्धताच सांगते. जीवा एकेक करून काढत गेल्यास प्रत्येक जीवेमुळे एक भाग वाढतो, शिवाय ती आधीच्या जीवांना आत जितक्या ठिकाणी छेदते तितके भाग आणखी वाढतात. म्हणजेच एकूण भाग हे एक, जीवांची संख्या आणि छेदबिंदूंची संख्या यांच्या बेरजेइतके असतात. जीवा दोन बिंदूंनी ठरते, तर छेदबिंदू चार बिंदूंनी, कारण वर्तुळावरील कोणत्याही चार बिंदूंपासून होणाऱ्या चौकोनाचे कर्ण नेमके एकदाच छेदतात. माझ्या मते साऱ्या युक्तिवादाचे मर्म याच निरीक्षणात आहे. सहा बिंदूंतून दोन बिंदू १५ प्रकारे निवडता येतात आणि चार बिंदूही १५ प्रकारे, म्हणून बेरीज ३१ येते.

दुपटीला मुळात आधारच नव्हता, हे आता दिसते. सात बिंदूंना १ + २१ + ३५, म्हणजे ५७ भाग होतील, हेही चित्र न काढता सांगता येते.