धातू-औषध जटिले आणि प्रतिसूक्ष्मजीव क्रिया

औषधाच्या रेणूतील ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधकाच्या अणूंनी आपली इलेक्ट्रॉन-जोडी धातूच्या आयनाला देऊन बनणारी संयुगे. एकाच रेणूतील दोन वा अधिक अणूंनी आयन धरला की वलय तयार होते, त्यास ‘कीलेट’ म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून मॉर्गन व ड्र्यू यांनी १९२० मध्ये ही संज्ञा योजली.

धातू जोडल्यावर काही औषधांची क्रिया वाढते, ती का, याबाबत मतभेद आहेत. संशोधक ट्वीडी यांच्या मांडणीनुसार कीलेटात धातूचा धनभार अंशतः लिगँडवर (धातूला इलेक्ट्रॉन-जोडी देणाऱ्या रेणूवर) पसरतो, ध्रुवीयता घटते आणि संयुग मेदयुक्त पेशीपटलातून सहज आत शिरते. नव्या जटिलांवरील शोधनिबंधांत हे स्पष्टीकरण जवळजवळ ठरावीक वाक्यासारखे येते. जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात हे जटिल अभंग राहते की नाही, हे मात्र क्वचितच तपासले जाते. त्या मानाने रसायनशास्त्रज्ञ एड्रियन अल्बर्ट व सहकाऱ्यांचे ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनवरील (ऑक्सीन) प्रयोग अधिक निर्णायक वाटतात. हायड्रॉक्सिक्विनोलीनच्या सात समघटकांपैकी (तेच अणू, पण मांडणी वेगळी) घट्ट कीलेट बनवणारा हाच एक प्रभावी जीवाणुनाशक ठरला. पण लोह किंवा तांबे नसेल तर ऑक्सीन निष्प्रभ राहते. म्हणजे ते जीवाणूचा धातू हिरावून त्याला मारत नाही, धातूसह बनलेले जटिलच विषारी असते. अत्यल्प कोबाल्टने जीवाणूंना संरक्षण मिळते. ऑक्सीनचे प्रमाण फार वाढवल्यास परिणाम उलट घटतो. संपृक्त जटिल (धातूच्या सर्व जागा ऑक्सीनने भरलेले) पटल ओलांडते आणि आत विघटित होऊन असंपृक्त, विषारी रूप देते, असा अल्बर्ट यांचा अर्थ होता. ऑक्सीन अतिरिक्त असेल तर हे विघटनच रोखले जाते.

सर्वत्र हीच यंत्रणा नसते. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक मॅग्नेशियमच्या साहाय्याने रायबोसोमला (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणाला) बांधले जाते, पण आतड्यात कॅल्शियम किंवा लोह भेटल्यास त्याचे शोषण मंदावते. क्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटात मॅग्नेशियम आयन व त्याभोवतीचे पाण्याचे रेणू औषध आणि एंझाइम यांच्यातील पूल बनतात. बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाला जस्त लागते. सिल्व्हर सल्फाडायझीन (१९६८) हे भाजलेल्या जखमांवरील मलम आहे. त्याचा परिणाम मुख्यतः सुटणाऱ्या चांदीच्या आयनांचा मानला जातो.

प्रयोगशाळेत याचा व्यवहारी परिणाम दिसतो. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या चाचणीत माध्यमातील कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवतात. ते कमी असल्यास संवेदनशील जीवाणूही प्रतिरोधक भासतो.