ग्लेनवूडच्या घळीतला महामार्ग

अमेरिकेतला आंतरराज्य महामार्ग ७० कोलोरॅडो राज्यात ग्लेनवूड कॅनियन या अरुंद घळीतून जातो. इथे एका काठावर रेल्वे आहे, मध्ये कोलोरॅडो नदी आणि दुसऱ्या काठाला उभा कडा. चार मार्गिका मावतील एवढी सपाट जागाच नाही. कडा फोडून जागा करता आली असती, पण मग घळीची रया गेली असती आणि सैल झालेल्या दरडी कोसळत राहिल्या असत्या. म्हणून रस्ता बराचसा खांबांवर उचलला आणि दोन पातळ्यांत विभागला. पश्चिमेकडे जाणारी वाहतूक वरून, पूर्वेकडची खालून, नदीलगत. सुमारे २० किलोमीटरच्या या टप्प्यात ४० पूल आणि उन्नत मार्ग आहेत. १९८० मध्ये सुरू झालेलं काम १४ ऑक्टोबर १९९२ रोजी पुरं झालं. खर्च आला ४९ कोटी डॉलर.

यातल्या काही पुलांची बांधणी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पोकळ काँक्रीट पेटीचे तुकडे आधी कारखान्यात ओततात. नवा तुकडा आधीच्या तुकड्याच्या तोंडालाच टेकवून ओततात, त्यामुळे जागेवर नेल्यावर सांधा नेमका जुळतो. मग गॅन्ट्रीने, म्हणजे पुलावरच सरकणाऱ्या उचल-यंत्राने, तो उचलायचा, सांध्याला इपॉक्सी हा घट्ट चिकटणारा रासायनिक गोंद लावायचा, आतून पोलादी केबल ओवून ताणायच्या. खांबाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक तुकडा जोडत जातात, कारण एकाच बाजूला भार वाढला तर खांबावर वाक येतो. खालून आधार लागत नाही, त्यामुळे उतारावरची झाडं आणि नदीपात्र वाचतं.

या पद्धतीची नाजूक जागा म्हणजे केबल ज्यांतून ओवतात त्या नळ्या. त्यांत भरलेल्या ग्राउटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणात, पोकळी राहिली, तर तिथे ओलावा साचतो. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर क्षार टाकावे लागतात आणि क्लोराइडयुक्त पाणी आत पोचलं की पोलाद गंजतं. वरून काँक्रीट धडधाकट दिसत असतानाही आत केबलच्या तारा तुटू शकतात. म्हणूनच पुलाच्या पृष्ठभागावरचा जलरोधक थर आणि प्रसरण सांधे (उन्हाथंडीने पूल लांबतो-आखडतो त्यासाठी ठेवलेले सांधे) वेळच्या वेळी बदलणं ही वरवरची डागडुजी नव्हे, पुलाचं आयुष्य त्यावरच ठरतं.

रस्ता उचलून कड्याला धक्का न लावण्याचा निर्णय उत्तमच होता. पण वरच्या उतारांचं काय? ऑगस्ट २०२० मध्ये याच घळीत ग्रिझली क्रीकचा वणवा पेटला आणि ३२,००० एकरांहून जास्त क्षेत्र होरपळलं. जळताना वनस्पतींतले मेणचट पदार्थ वाफ होऊन मातीत थोडे खाली जाऊन गोठतात. तो थर पाणी मुरू देत नाही आणि माती धरून ठेवणारी मुळंही मेलेली असतात. अशा उतारावर अर्ध्या तासाची जोरदार सर पुरते. चिखल, दगड आणि जळके ओंडके एकत्रच खाली येतात आणि साध्या पुराच्या पाण्यासाठी आखलेली मोरी क्षणात तुंबते. मग राडारोडा थेट रस्त्यावर.

२९ जुलै २०२१ च्या रात्री तेच झालं. शंभराहून अधिक प्रवासी घळीत अडकले आणि महामार्ग दोन आठवड्यांहून अधिक बंद राहिला. १४ ऑगस्टला तो उघडला तेव्हा नुकसान झालेल्या भागात प्रत्येक दिशेला एकच मार्गिका सुरू होती.

वणव्यानंतर इथे हवामान खात्याच्या अंदाजावर रस्ता चालवावा लागला. अचानक पुराची शक्यता वर्तवली की घळीतले विश्रांतीथांबे बंद करायचे, पथकं जवळ सज्ज ठेवायची आणि प्रत्यक्ष इशारा आला की पाऊस पडण्याची वाट न पाहता वाहतूक थांबवून घळ रिकामी करायची.