चढावर दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उताराने

द्राक्षबागांच्या डोंगराळ भागात पळायला जायचं ठरलं की जवळपास सगळेच आधी एकच विचारतात, चढ किती आहे? मीपण हेच विचारायचो. पहिल्यांदा असा रूट केला तेव्हा वेलींच्या ओळींमधून वर, टेकडीवरच्या जुन्या गावातून पलीकडे आणि मग सुसाट खाली, असं १४ किलोमीटर पळून आलो आणि त्या दिवशी काहीच दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरायला गेलो तर कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली, आणि गंमत म्हणजे तोच जिना चढताना काही त्रास नाही. तेव्हापासून मी रूट बघताना आधी उतार बघतो, आणि माझं ठाम मत आहे की सगळ्यांनीच तसं बघावं.

असं का होतं ते समजून घ्यायला सोपं आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे जोर लावत असतो पण त्याच वेळी ताणला जात असतो, जसं जड बादली दोरीने विहिरीत हळूहळू सोडताना हात ताणले जातात तसं. अशा ताणात स्नायूच्या आतले बारीक तंतू जागोजागी विस्कटतात. दुखणं लगेच येत नाही, साधारण २४ ते ७२ तासांत जास्तीत जास्त होतं. हे लॅक्टिक ॲसिडमुळे होतं असं अजूनही खूप जण सांगतात, पण ते ॲसिड पळणं थांबवल्यावर तासाभरात निघून जातं, तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

पाय आपटण्याचा जोरही मोजलेला आहे. जिंजर गॉटशॉल आणि रॉजर क्रॅम या संशोधकांनी २००५ साली ट्रेडमिलखाली सेन्सर लावून हे केलं. ९ अंशांच्या उतारावर जमिनीचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्के जास्त आणि ब्रेक लावणारा जोर ७३ टक्के जास्त निघाला. चढावर उलट हा धक्का कमी होत जातो. म्हणजे धाप लागते ती चढावर, पण गुडघ्याला आणि मांडीला मार बसतो तो उतारावर, जिथे आपल्याला वाटत असतं की आता आराम आहे.

आता एनर्जीचं बघू. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या टीमने २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्या १० जणांना ट्रेडमिलवर ४५ टक्के चढापासून ४५ टक्के उतारापर्यंत चालवलं, पळवलं. (१० टक्के चढ म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर १० मीटर उंची.) सपाटीवर पळताना दर किलो वजनामागे दर मीटरला साधारण ३.४ ज्यूल लागतात, ४५ टक्के चढावर जवळपास १९, म्हणजे साडेपाच पट. उतारावर खर्च कमी होत जातो, पण फक्त २० टक्क्यांपर्यंत, त्याहून तीव्र उतार असला की ब्रेक लावण्यातच ताकद जाते आणि खर्च परत वाढायला लागतो. त्यांच्या सूत्रात आकडे घालून मी हिशोब केला तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटलं: १० टक्के चढ आणि तेवढाच उतार असेल तर जाऊन येऊन सरासरी खर्च सपाटीपेक्षा साधारण १३ टक्केच जास्त पडतो, चढावर जास्तीचं घालवलेलं उतारावर निम्म्याहून जास्त परत मिळतं. पण तेच २० टक्के केलं की सरासरी दीडपट होते. म्हणून अंतर आणि एकूण चढ सारखाच असलेले दोन रूटही पायाला अगदी वेगळे लागतात. अजून एक गोष्ट, खूप खड्या चढावर पळणं आणि चालणं यांच्या खर्चात फारसा फरक उरत नाही, तेव्हा तिथे बिनधास्त चालावं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून कामाला येतो. दर ३ मैलांना १ तास आणि दर २००० फूट चढाला आणखी १ तास. म्हणजे ढोबळमानाने १०० मीटर चढ बरोबर ८०० मीटर सपाट रस्ता. नियम चालणाऱ्यांसाठी होता, पण १२ किलोमीटरच्या रूटमध्ये ४०० मीटर चढ असेल तर तो १५ किलोमीटरचा समजून निघावं, फसगत होत नाही.

पण मुळात बागा अशा अवघड जागी का लावतात? कारण वेलीला उतार मानवतो. सूर्याकडे तोंड असलेल्या उतारावर किरणं जास्त सरळ पडतात, पाणी मुळाशी साचत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंड हवा. रात्री थंड हवा जड होते आणि पाण्यासारखी घरंगळत दरीच्या तळाशी जाऊन साचते, तिथे वसंतात दहिवर गोठलं तर कोवळे कोंब जळतात, उताराच्या मधल्या पट्ट्यात मात्र ऊब टिकते. हे तुम्ही पहाटे पळताना अंगावर अनुभवू शकता. नदीकाठी बोटं आखडलेली असतात, धुकं असतं, आणि दोन-तीन वळणं वर गेलं की अचानक गालाला हवा कोमट लागते. थर्मामीटर लागत नाही, बागवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा पट्टा असाच ओळखलाय.

जर्मनीत मोझेल नदीकाठी ब्रेम गावाजवळ कालमोंट नावाचा उतार आहे, काही ठिकाणी ६० अंशांच्या पुढे, तिथे पळणं सोडा, उभं राहणंही अवघड. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठाने साधारण ३० किलोमीटर पसरलेला लावो भाग त्यामानाने पळायला स्वर्ग आहे. तिथली पायऱ्यापायऱ्यांची शेती ११ व्या शतकापासून मठांतल्या साधूंनी घडवायला घेतली, २००७ मध्ये ती जागतिक वारसा झाली. तिथे म्हणतात की वेलींना तीन सूर्य मिळतात, एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यातून परतणारा आणि तिसरा दगडी तालींमधला, म्हणजे शेताच्या पायऱ्या धरून ठेवणाऱ्या भिंतींमधला. तिसरा संध्याकाळी हाताला कळतो, ऊन गेल्यावरही भिंतीचा दगड तव्यासारखा ऊबदार असतो.

या तालींमुळेच अशा भागात दोन प्रकारच्या वाटा तयार होतात. एक तालीला धरून आडवी जाणारी, जवळपास सपाट, आणि दुसरी तालीतून सरळ वर घुसणाऱ्या अरुंद पायऱ्यांची. शिवाय बैलगाड्या, खेचरं जायची ती नागमोडी जुनी वाट असतेच. बहुतेक लोक नागमोडी वाटेने सावकाश चढतात आणि पायऱ्यांवरून धडाधड उतरतात, कारण उतरताना शॉर्टकट दिसतो. अगदी उलटं करा! पायऱ्यांनी वर जा, चालत जा, धक्का कमी असतो, उंची पटकन मिळते, मग आडव्या वाटेने मनसोक्त पळा आणि उतरायला नागमोडी वाट धरा, पावलं लहान आणि भराभर टाका. पहिल्या वेळी उतार कमीच ठेवा. एकदा थोडा उतार पळून झाला की स्नायू स्वतःला असा काही दुरुस्त करतो की पुढचे काही आठवडे तसाच उतार फार कमी दुखवतो, अगदी एका वेळच्या पळण्यानेसुद्धा. शर्यत असेल तर दोन-तीन आठवडे आधी एक छोटा उतार जरूर पळून घ्या.

जुन्या गावात शिरलं की फरसबंदी सुरू होते, गल्ल्या अरुंद, दोन्हीकडच्या घरांमुळे सावली, त्यामुळे उन्हातही जरा गार वाटतं. उंचसखल पृष्ठभागावर प्रयोग झालेत, अडीच सेंटीमीटरपर्यंतच्या खाचखळग्यांवर चालायला २८ टक्के जास्त ऊर्जा लागली पण पळायला फक्त ५ टक्के. म्हणजे दगडी गल्लीत पळणं तेवढं महाग नाही. पण शेकडो वर्षं झिजून गुळगुळीत झालेला दगड ओला असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि चाला.

आणि वेलींना हात लावू नका, घड तर नाहीच. फ्रान्समधल्या मेडॉक भागात बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मुद्दाम मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण मारायचे, का तर निळ्या डागांना घाबरून येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. १८८२ मध्ये प्येर मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाकी बाग डाऊनी या बुरशीसारख्या रोगाने जळतेय पण रस्त्याकडेच्या त्या वेली हिरव्यागार आहेत, आणि १८८५ मध्ये त्यांनी हेच मोरचूद-चुन्याचं मिश्रण बोर्डो मिश्रण म्हणून जगापुढे आणलं. आजही बागांत फवारणी होतेच. पानांवर ओला निळसर थर दिसला किंवा फवाऱ्याचा आवाज आला तर त्या ओळीत शिरू नका, वरच्या तालीच्या वाटेने वळसा घालून जा, अंतर थोडं वाढेल पण चढ फारसा वाढत नाही.